लोखंडाचं वय नेमकं कशावरून ठरवतात?

काटोलनाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी मुलीला घेऊन जुनापाणीला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता हे ठिकाण येतं. माळावर काळ्या दगडांची रिंगणं आहेत, आत मातीचा आणि गोट्यांचा भराव. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगेही कोरलेले दिसतात. ही महापाषाणयुगीन माणसांची दफनं. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली इथल्या उत्खननाबद्दल लिहून ठेवलंय. दगडांच्या खाली लोखंडाची अवजारं सापडली होती.

हे सगळं मी रंगवून सांगत होतो, तर सातवीतली लेक म्हणाली, "बाबा, दगडावर तारीख नाही, लोखंडावर तारीख नाही. मग तीन हजार वर्षं हे कोणी मोजलं?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन तीन पुस्तकं उघडली. विदर्भातल्या या लोकांचा काळ एकात इ.स.पू. १०००पासून, दुसऱ्यात इ.स.पू. ७००च्या आसपास, तिसऱ्यात इ.स.पू. ८०० ते ४०० असा मोघम. त्यात २०२५च्या जानेवारीत तमिळनाडू सरकारने जाहीर केलं की त्यांच्याकडच्या शिवगळैचं लोखंड इ.स.पू. ३३४५पर्यंत मागे जातं. हडप्पाची नगरं भरभराटीला आली ती इ.स.पू. २६००च्या सुमारास, म्हणजे त्यांच्याही आधी लोखंड?

जाणकारांनी कृपया समजावून सांगा. लेकीला पुढच्या रविवारपर्यंत उत्तर द्यायचं कबूल केलंय.

कोवळं ऊन

कार्बन-१४ने काढतात ना? शाळेत तेच शिकलो होतो.

काटोलनाका

हो, पण कार्बन-१४ जिवंत गोष्टींना लागतं. जीव गेला की ते ठरावीक गतीने घटतं, त्यावरून वय काढतात. झाड, हाड, धान्य. लोखंड कधी जिवंत होतं?

मुळामुठा

धागा बघून राहवलं नाही. पुण्यात पुरातत्त्व शिकले, विदर्भातल्या उत्खननांत दोन हंगाम काढले. सविस्तर लिहिते.

तुमच्या लेकीने मुळावरच बोट ठेवलंय. बहुतेक वेळा लोखंडाचं वय कोणी मोजतच नाही. मोजतात ते लोखंडाशेजारी पडलेल्या कशाचं तरी. कोळसा, धान्याचा दाणा, हाड, मडक्याचं खापर. आणि मग म्हणतात, 'हे दोन्ही एकाच वेळी इथे आले, म्हणून लोखंडही तेवढंच जुनं.' या वाक्यातला 'एकाच वेळी' हा शब्द सिद्ध करण्यातच आमचं आयुष्य जातं. प्रयोगशाळेतली चूक सहसा काही दशकांची, फार तर काही शतकांची असते. शेजार चुकीचा निघाला तर चूक हजार वर्षांची होते.

त्यातही शेजार दोन तऱ्हेचा. दफनात कुऱ्हाड आणि तिच्याजवळ कोळसा सापडला, तर तो कोळसा दफनाच्या वेळचा आहे का, की खड्डा बुजवताना जुन्या वस्तीच्या मातीतून आला, हे सांगणं अवघड. पण लोखंड गाळायची भट्टीच सापडली आणि तिच्या तळाशी कोळसा असला, तर तो लोखंड गाळण्यासाठीच जाळलेला. तिथे 'एकाच वेळी' वर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

म्हणून मला कुऱ्हाडी-कट्यारींपेक्षा नायकुंड जास्त मोलाचं वाटतं. पेंच नदीच्या काठावर, नागपूरच्या उत्तरेला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खणलं. वस्तीच्या जागेत लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. मातीच्या वक्र विटांची, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्यांसकट, आणि आसपास लोहमळ, म्हणजे लोखंड गाळताना उरलेला टाकाऊ मळ. तिचा काळ इ.स.पू. ७व्या शतकाच्या आसपास धरतात. लोक तिथे लोखंड नुसतं वापरत नव्हते, करत होते.

कोवळं ऊन

म्हणजे लोखंड स्वतःचं वय सांगत नाही, शेजारी सांगतात! आमच्या सोसायटीतही असंच आहे.

भाता आणि ऐरण

सांगलीकडचा लोहार घराण्यातला. आजोबांचा भाता अजून घरात टांगलेला आहे, मी आता फाउंड्रीत काम करतो. मुळामुठाताईंना एक जोड देतो.

'लोखंड वितळवायची भट्टी' असं लोक लिहितात, तिथे गल्लत होते. तांबं १०८५ अंश सेल्सियसला वितळतं, लोखंडाला १५३८ लागतात. मातीच्या लहान भट्टीत हातभात्याने तेवढी धग मिळत नाही. जुन्या भट्टीत लोखंड वितळतच नसे. १२००च्या आसपास दगडातली माती-वाळू मळ होऊन वाहून जाते आणि मागे लोखंडाचा सच्छिद्र, चिकट गोळा राहतो. तो तापवून ठोकत ठोकत उरलेला मळ पिळून काढायचा. मग त्याची कुऱ्हाड.

वय काढण्यासाठी याचा उपयोग असा, की मळ वाहताना कोळशाचे बारीक कण स्वतःत गिळतो आणि गोठतो. तो कोळसा त्यात बंद. बाहेरचा उंदीर, मुंगी, पाऊस, कोणी आत शिरू शकत नाही. मी तर म्हणेन, कट्यार संग्रहालयाला द्या आणि मळाचा गोळा प्रयोगशाळेला. लोकांना कट्यार आवडते, पण साक्ष मळ देतो.

आणखी एक. विदर्भातल्या दफनांतल्या कुऱ्हाडींना मधोमध आडवे लोखंडी पट्टे असतात, दांडा पक्का बसवण्यासाठी. फोटो पाहिला तेव्हा आजोबांची आठवण आली. ज्याने तो पट्टा बसवला त्याच्या हाताला ऐरणीची पिढीजात सवय होती. असलं काम शिकाऊ माणसाला जमत नाही. म्हणजे कुऱ्हाडीचं वय जे असेल ते असो, हुन्नर तिच्या बराच आधीपासूनचा.

निळी शाई

संस्कृत शिकवते. खणण्याआधी शब्दही पाहावेत असं मला वाटतं. ऋग्वेदात 'अयस्' येतं, पण ते तांबं, कांसं की लोखंड हे ठरत नाही. अथर्ववेदात मात्र 'श्याम अयस्' आणि 'लोहित' असे दोन वेगळे धातू येतात, एक काळा आणि एक लाल. काळा म्हणजे लोखंडच. आणि गंमत पाहा, 'लोह' हा शब्द मुळात तांबूस रंगाचा, तांब्याकडे झुकणारा. पुढे तो लोखंडाला चिकटला आणि आपण 'लोहखंड'चं 'लोखंड' केलं.

तेव्हा अथर्ववेदाच्या काळी उत्तर भारतात लोखंड होतं एवढं तरी नक्की धरता येईल ना? इ.स.पू. १२०० ते १०००.

अणुरेणू

निळी शाई, शब्दांचं म्हणणं पटलं, आकड्याचं नाही. अथर्ववेद इ.स.पू. १२००-१०००चा, हे कशावरून ठरवलं? त्यातलं एक मुख्य कारण हेच, की त्यात लोखंड येतं आणि उत्तर भारतात लोखंड साधारण त्या सुमारास दिसतं. आता त्याच ग्रंथावरून लोखंडाचा काळ काढला, तर आपण गोल फिरून जिथून निघालो तिथेच पोहोचतो.

निळी शाई

मान्य. हे मी विद्यार्थ्यांनाही असंच सांगत आले होते. उद्या वर्गात दुरुस्त करेन. पण मग शब्दांचा क्रम तरी राहतो. आधी एकच अयस्, मग काळं आणि लाल असे दोन. आकडा नको, क्रम घ्या.

मुळामुठा

क्रम अगदी घ्यावा. निम्मं पुरातत्त्व क्रमावरच चालतं.

उत्तर भारताचा विषय निघालाच आहे तर सांगते. उत्तर प्रदेशातल्या अत्रंजीखेड्याला चित्रित करड्या भांड्यांच्या थरात लोखंड मिळालं आणि बरीच वर्षं इ.स.पू. १०००च्या आसपासचा तो आकडा प्रमाण होता. मग १९९०च्या दशकात राकेश तिवारी यांनी पूर्व उत्तर प्रदेशात, सोनभद्रात राजा नल का टीला आणि चंदौलीत मल्हार खणलं. मल्हारला भट्ट्या, नळ्या, मळ असं गाळकामाचं सगळं सामान होतं आणि तारखा इ.स.पू. १८००च्या आसपास गेल्या. जवळच हेमॅटाइटने, म्हणजे लोखंडाच्या लाल दगडाने भरलेला डोंगर आहे, त्याचं नावच गेरूवरून पडलंय. एका झटक्यात सात-आठशे वर्षं मागे.

तंजावूरकर

आमचं घराणं तंजावूरच्या मराठ्यांपैकी, चार पिढ्या चेन्नईत. घरात अजून आमची ती जुन्या वळणाची मराठी चालते, चुकलं तर सांभाळून घ्या.

धागाकर्त्यांनी शिवगळैचा उल्लेख केला म्हणून लिहितो. तूत्तुक्कुडी जिल्ह्यात आहे. के. राजन आणि आर. शिवानंदम यांच्या अहवालात कोणी हवेत आकडा फेकलेला नाही. दफनाचे मोठे मातीचे कुंभ, त्यांच्या आत-बाहेर लोखंडाच्या वस्तू. कुंभांतला कोळसा वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडे गेला, खापरांची ओएसएल पद्धतीने (त्यातल्या वाळूला शेवटची धग किंवा उजेड कधी लागला ते मोजून) तपासणी झाली. कृष्णगिरीजवळच्या मयिलाडुंपारैची इ.स.पू. २१७२ ही तारीख तर २०२२लाच आली होती. किळनमंडीला इ.स.पू. १६९२.

इथे लहानपणापासून एग्मोरच्या संग्रहालयात आदिच्चनल्लूरचं लोखंड बघत आलोय. अलेक्झांडर री यांनी १९००च्या आगेमागे खणून काढलेलं. शंभर वर्षं त्याच्या खाली कोणी नीट तारीख लिहू शकलं नाही. आता कुठे तारखा येतायत, तर उत्तरेतले लोक लगेच संशय घेतात. मल्हारने सातशे वर्षं मागे नेलं तर शाबासकी, शिवगळैने नेलं तर शंका. याचं वाईट वाटतं.

अणुरेणू

तंजावूरकर, तुमचं वाईट वाटणं समजतं. मल्हारच्या वेळीही शंका घेतल्या गेल्या होत्या, हे आधी सांगतो. आणि माझी शंका प्रयोगशाळेवर नाहीच. आकडा बरोबर आहे असं धरूनच बोलतो.

एक, कोळसा कशाचा? झाडाचं प्रत्येक कडं ज्या वर्षी तयार होतं त्या वर्षी त्याचं कार्बनचं घड्याळ सुरू होतं. झाड तोडलं त्या वर्षी नव्हे. दोनशे वर्षांच्या सागाचा गाभा जाळला तर कोळसा जाळायच्या दिवशीच दोनशे वर्षांचा असतो. वरून जुन्या घराची तुळई सरपणाला वापरली तर आणखी भर. म्हणून शक्यतो बारीक डहाळी किंवा एका हंगामाचं धान्य तपासावं म्हणतात.

दोन, आणि हा मुद्दा जास्त महत्त्वाचा. त्याच शिवगळैच्या एका कुंभातल्या भाताची तारीख इ.स.पू. ११५५ आली होती, ती २०२१ साली जाहीर झाली. भात एका हंगामाचा, घड्याळ अचूक. कोळसा इ.स.पू. ३३४५पर्यंत. ओएसएलने खापरं इ.स.पू. २५व्या शतकातली. एकाच दफनभूमीत दोन हजार वर्षांचा पसारा. कदाचित लोक खरंच दोन हजार वर्षं तिथे दफन करत असतील. कदाचित जुना कोळसा नव्या खड्ड्यात पडला असेल. जुन्या झाडाने दोनशे वर्षांचा फरक पडेल, दोन हजारांचा नाही. म्हणून हे प्रकरण झाडाचं नसून शेजाराचं आहे.

तंजावूरकर

पण कोळसा आणि खापर दोन्ही इ.स.पू. ११५५च्या फार मागे आहेत ना? दोन वेगळ्या पद्धती एकाच दिशेला बोट दाखवतात. मडकं भाजलं तेव्हा त्यातल्या वाळूचं घड्याळ शून्यावर आलं, आणि मडकं कोळशासारखं घरंगळत येत नाही. कुंभ जिथे पुरला तिथेच आहे.

अणुरेणू

हा तुमचा मुद्दा बळकट आहे, मी तो कमी लेखत नाही. ओएसएलची चूक पाच ते दहा टक्के धरली तर साडेचार हजार वर्षांमागे दोनशे-साडेचारशे वर्षं इकडेतिकडे. तरी ते लोखंड फार जुनं राहतंच. एवढंच म्हणतो, की मळात अडकलेला कोळसा किंवा थेट त्या लोखंडातला कार्बन तपासून हाच आकडा आला, तर मी स्वतः शिवगळैला येऊन तुमच्याकडे जेवेन.

तंजावूरकर

या, जरूर या. आमच्याकडे सांबार मिळेल. संभाजीराजांच्या नावावरून पडलेलं आहे असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, त्याची कार्बन तारीख मात्र मागू नका!

धुऱ्यावरचा

नमस्कार. मी काही शिकलेला नाही एवढा, उमरेडकडे वावर आहे. सगळे प्रतिसाद वाचले. एक विचारतो.

आमची जमीन काळी कसदार. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, काही ठिकाणी काठी उभी शिरते. मागच्या वर्षी माझी पान्ह्याची किल्ली पडली ती दिसेना. पाऊस आल्यावर भेग मिटली, किल्ली गेली पोटात. आता हजार वर्षांनी कोणी खणलं तर किल्ली मिळेल चार फूट खाली, आणि तो म्हणेल हे लय जुनं लोखंड. मंग तुमच्या 'शेजारा'चं काय?

मुळामुठा

दादा, तुम्ही शिकलेले नाही असं पुन्हा लिहू नका. काळ्या मातीच्या प्रदेशात खणणाऱ्या प्रत्येकाला हीच भीती असते. भेगांतून वरची वस्तू खाली जाते आणि माती फुगताना खालची वस्तू वर ढकलली जाते. थर सरळ दिसले तरी आतला माल उलटापालटा असू शकतो. उंदीर, वाळवी, झाडांची मुळं हे वेगळेच.

म्हणून एका सुट्या कोळशाच्या तुकड्यावर कोणी शहाणा माणूस घर बांधत नाही. घट्ट तुडवलेली जमीन सलग असेल, तिच्याखाली भेग शिरलेली नसेल, एकाच थरातले पाच-सहा नमुने खालून वर योग्य क्रमाने लागत असतील, तर विश्वास बसतो. शिलावर्तुळाच्या आतल्या दगडगोट्यांच्या भरावाने थोडं संरक्षण मिळतं, पण भेगा तिथेही विचारात घ्याव्या लागतात.

धुऱ्यावरचा

धन्यवाद ताई. आता खरी गोष्ट सांगतो. माझ्या वावराच्या धुऱ्यावर काळे, जड, पोकळ-पोकळ गोटे निघतात. वितळून गोठल्यासारखे. आजा म्हणायचा हा लोखंडाचा कीट, रानातले लोक इथे भट्ट्या लावायचे. लहानपणी आम्ही त्याने बोरं पाडायचो. तोच का हा मळ?

भस्मवैद्य

कीट! शब्द वाचून आनंद झाला. आयुर्वेदात यालाच लोहकिट्ट किंवा मंडूर म्हणतात. पांडुरोगात म्हणजे रक्त कमी झालं की मंडूरभस्म देतात. आणि पूर्वीच्या वैद्यांनी मंडुराची प्रत वयावरून ठरवली होती. शंभर वर्षांहून जुनं ते उत्तम, ऐंशी वर्षांचं मध्यम, साठ वर्षांचं हलकं, त्याहून नवं घेऊच नये, ते विषासमान.

म्हणजे लोखंडाचा मळ किती जुना हा प्रश्न आपल्याकडे पुरातत्त्वाच्या आधी औषधशाळेत विचारला जात होता. वैद्य मोडक्या भट्ट्यांच्या जागी जाऊन जुनं किट्ट वेचून आणत. माझ्या गुरूंनी सांगितलेली खूण अशी, की जड, घट्ट, आतून पोकळी नसलेलं घ्यावं.

भाता आणि ऐरण

वैद्यबुवा, मग काही जुन्या भट्ट्यांचा मळ तुमच्या पूर्वजांनी रुग्णांना खाऊ घातलेला दिसतो!

भस्मवैद्य

रुग्ण बरे होत होते, त्यामुळे तक्रार कोणाची नव्हती. पण आता मी असं वेचायला कोणाला सांगणार नाही. धुऱ्यावरच्या दादांचे गोटे जागेवर राहू द्यात.

मुळामुठा

दादा, वैद्यबुवांचं ऐका. मला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो कोणत्या काळातला हे सांगता येणार नाही. मध्य भारतात आगरिया आणि इतर लोक विसाव्या शतकापर्यंत असंच लोखंड गाळत होते, त्यामुळे तो दीडशे वर्षांचाही असू शकेल आणि अडीच हजारांचाही. दिसायला दोन्ही सारखेच. फरक आतल्या कोळशातून कळतो.

कृपया उचलू नका, धुऊ नका. एखादा आधीच घरी आणलेला असेल तर कापसात, कागदात, कापडात बांधू नका, त्यातले तंतू म्हणजे नवा कार्बन. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवा. तेल, साबण, डिंक लावू नका. जागेचे फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा विळा ठेवून, म्हणजे आकार कळतो. आणि नागपूरच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. भाजलेली लाल माती किंवा मातीच्या नळीचे तुकडे दिसतात का तेवढं फक्त डोळ्यांनी पाहा.

कोवळं ऊन

मी मधेच एक शंका विचारतो, चालेल ना? तुतनखामेनच्या थडग्यात लोखंडी खंजीर होता. तो इ.स.पू. १४व्या शतकातला. म्हणजे मिसरात तेव्हा लोखंड गाळत होते?

अणुरेणू

नाही. ते उल्केचं लोखंड. २०१६ साली क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा त्यात निकेल जवळपास ११ टक्के निघालं, शिवाय कोबाल्ट. दगडातून गाळलेल्या लोखंडात एवढं निकेल सहसा नसतं. मिसरातच गेर्झेहला सापडलेले मणी तर इ.स.पू. ३२००च्या आसपासचे, तेही उल्केचे. आकाशातून पडलेला गोळा ठोकून पत्रा केला, गुंडाळला, मणी झाला. भट्टी लागलीच नाही.

म्हणून 'सर्वांत जुनं लोखंड' आणि 'लोखंड गाळण्याची सुरुवात' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर निकेल तपासल्याशिवाय देऊ नये. दुसऱ्याला भट्टी किंवा मळ हवा.

भाता आणि ऐरण

त्यात तिसरी गोम आहे. तांबं गाळताना मळ पातळ व्हावा म्हणून लोखंडयुक्त दगड घालत. कधी धग जास्त झाली की भट्टीच्या तळाशी नकळत थोडं लोखंडही तयार होई. तुकडा मिळाला, निकेल नाही, तरी ती 'लोखंडाची भट्टी' नव्हे. एखाद-दुसरा दागिना किंवा टाचणी सापडली तर मी थांबून विचार करीन. शेकडो अवजारं आणि मळाचे ढीग सापडले तर मानीन.

निळी शाई

आधी कोणीतरी 'थेट लोखंडातला कार्बन' म्हणालं. लोखंडात कार्बन कुठून आला?

भाता आणि ऐरण

कोळशातून. भट्टीत लोखंड कोळशाच्या धगीत तासन्‌तास बसतं, त्यातला कार्बन थोडा पितं. म्हणूनच त्याचं पोलाद होतं. म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला कार्बन कोळशात, कोळशातून कुऱ्हाडीत. कुऱ्हाडीच्या पोटात जंगल आहे म्हणा.

अणुरेणू

सुंदर सांगितलंत. हे १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात निकोलास व्हॅन डर मर्व यांनी करून दाखवलं. तेव्हा एवढं लोखंड जाळावं लागे, की वस्तूच संपायची, आणि कोणतं संग्रहालय कट्यार जाळायला देईल? आता प्रवेगकावर, म्हणजे कार्बनचे अणू वेगाने पळवून मोजणाऱ्या यंत्रावर, एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो. अर्धा टक्का कार्बन असलेलं पोलाद असेल तर हिशेबाने पाव ग्रॅमही लागत नाही. मऊ लोखंडात कार्बन फार कमी, तिथे जास्त घ्यावं लागतं.

अडचणी आहेत. जुनी मोडकी अवजारं एकत्र ठोकून नवं केलं असेल तर वयांची सरमिसळ. दगडी कोळसा वापरला असेल तर त्यात कार्बन-१४ शिल्लकच नसतो, वस्तू उगाच फार जुनी दिसते. आणि गंजात मातीतला चुनखडीचा कार्बन शिरतो, म्हणून गंज न लागलेला गाभा हवा. तीन हजार वर्षं आपल्या पावसात पुरलेल्या लोखंडाला गाभा उरला तर नशीब.

काटोलनाका (धागाकर्ता)

मंडळी, मी दोन दिवस गप्प बसून वाचतोय आणि वहीत उतरवून घेतोय. मनापासून आभार. पण माझा मूळ प्रश्न थोडा राहिला. तीन पुस्तकं, तीन काळ. इथे तर बहुतेक दफनं आणि वस्त्या जवळपास एकाच तऱ्हेच्या. टाकळघाट, खापा, माहुरझरी, नायकुंड, भागीमोहारी. मग एकमत का नाही? आणि 'इ.स.पू. ८०० ते ४००' हा चारशे वर्षांचा मोघमपणा कशाला?

मुळामुठा

आधी जुन्या पुस्तकांचं सांगते. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी कर्नाटकात ब्रह्मगिरी खणलं. तेव्हा कार्बन-१४ नव्हतंच, विलर्ड लिबी यांची पद्धत १९४९ची. व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूच्या रोमन भांड्यांची ओळखीची तारीख धरली, ती भांडी ज्या खापरांसोबत येतात त्यांच्यावरून ब्रह्मगिरीचे थर लावले आणि महापाषाणांची सुरुवात ठरवली इ.स.पू. २००. त्यांच्या हातात होतं त्यात ते काम फार शिस्तीचं होतं. लोखंड इराणी साम्राज्याबरोबर भारतात आलं असंही त्या वेळी मानत. मग कर्नाटकातल्याच हल्लूरला नागराज राव यांना मिळालेल्या तारखा इ.स.पू. १०००च्या आसपास गेल्या आणि आज कॅलिब्रेट केल्या, म्हणजे प्रयोगशाळेचा आकडा खऱ्या वर्षात बदलला, तर त्या आणखी मागे जातात.

आपल्या अभिमानाची गोष्ट अशी, की या तारखा मुंबईत मोजल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत. जुन्या अहवालांत नमुन्यांपुढे 'टीएफ' असा क्रमांक दिसतो तो तिचा. नंतर हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं.

तेव्हा पुस्तक कोणत्या सालचं आहे आणि त्यातली तारीख कॅलिब्रेट केलेली आहे की नाही, हे आधी पाहा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

अणुरेणू

उरलेला निम्मा माझ्याकडे. मोघमपणा पुस्तकाचा नाही, आकाशाचा आहे.

हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण सगळ्या शतकांत सारखं नसतं. ते कमीजास्त होतं म्हणून झाडांची कडी मोजून एक तक्ता केलाय, प्रयोगशाळेचा आकडा त्यावर ठेवून खरं वर्ष काढायचं, यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. आता दुर्दैव असं, की इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो तक्ता जवळपास सपाट आहे. या चारशे वर्षांतली कुठलीही डहाळी मोजा, आकडा साधारण सारखाच येतो, २४५० वर्षांच्या आसपास. तक्त्यातल्या या सपाट भागाला हालश्टाटचं पठार म्हणतात, ऑस्ट्रियातल्या लोहयुगीन गावावरून. युरोपचं लोहयुगही याच पठारावर अडकलंय.

आणि विदर्भातल्या नायकुंड, टाकळघाटची माणसं नेमकी याच चारशे वर्षांच्या आसपास जगली. एकट्या तारखेवरून दफन इ.स.पू. ७५०चं की ४५०चं हे सांगता येत नाही, यंत्र कितीही महाग आणा. एका खाली एक असे पाच-सहा थरांतले नमुने मोजून, क्रमाची मदत घेऊन थोडं अरुंद करता येतं. किंवा भट्टीची भाजलेली भिंत ओएसएल किंवा तिच्याच जातीच्या थर्मोल्युमिनेसन्सने मोजायची, त्या घड्याळाला हे पठार लागत नाही.

काटोलनाका (धागाकर्ता)

आज सकाळी लेकीला सांगितलं. वहीतलं पठाराचं चित्र काढून दाखवलं, वर-खाली जाणारी रेष आणि मध्येच सपाट. ती म्हणाली, "म्हणजे आपले लोक जिथे घड्याळ थांबलं होतं तिथे राहत होते?" आणि मग विचारलं, भट्टीची भिंत मोजली का कोणी? मी म्हटलं, धाग्यावर विचारतो.

मुळामुठा

तिला सांगा, तो प्रश्न सोडू नकोस. आणखी आठ-दहा वर्षांनी आमच्याकडे शिकायला ये.

धुऱ्यावरचा

अपडेट. विभागाला अर्ज दिला, पोच घेतली. धुऱ्याचे फोटो विळा ठेवून काढले. भाजलेली लाल माती आहे, तळहाताएवढी एका जागी, आणि एक तुकडा नळीसारखा, आतून काच चढल्यासारखा चकचकीत. हात लावला नाही. त्या पट्ट्यात या वर्षी ट्रॅक्टर घालत नाही, तूर त्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबवली. भावाला म्हटलं दोन तासं कमी पेरू. मायला समजावून सांगितलं तर ती म्हणे, तुझ्या आज्याने तिथेच एक मोठी कढई भरून कोळसे काढले होते विहीर खणताना, ते चुलीत घातले आम्ही.